फसवणूक झाली तर अण्णांचा पहिला फोन कुणाला जाईल?

पुण्यातल्या एका मुलाने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील, म्हणजे अण्णा, ७२ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. आई ६६ वर्षांची. दोघंच सेलूला राहतात. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी नांदेडला दिलेली. नोव्हेंबरात अण्णांना फोन आला की, 'तुमचा हयातीचा दाखला अपडेट झालेला नाही, पेन्शन थांबेल.' त्यांनी ओटीपी सांगितला आणि खात्यातून ४९ हजार रुपये गेले. तीन आठवडे त्यांनी घरात कुणाला काही कळू दिलं नाही. आईच्या तोंडून चुकून निघालं तेव्हा मुलाला समजलं. आता तो विचारतोय, अण्णांचा स्मार्टफोन काढून साधा बटणाचा द्यावा का, आणि सगळी खाती आपल्या हातात घ्यावीत का?

मी ३१ वर्षं बँकेत काढली, परभणी, हिंगोली आणि लातूर जिल्ह्यांतल्या शाखांमध्ये. निवृत्तीनंतर लातूरच्या एका ज्येष्ठ नागरिक संघात दर गुरुवारी बसते. फसवणूक झालेल्यांच्या तक्रारी भरून देणं हे तिथलं माझं काम. त्या अनुभवावरून सांगते.

आधी तातडीचं. तीन आठवडे उलटले म्हणून तक्रार सोडून देऊ नका. आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि बँकेला लेखी अर्ज देऊन पोच घ्या. ४९ हजार परत येतीलच असं मी म्हणत नाही. इतक्या दिवसांत ते बहुधा चार खात्यांतून फिरून कुठल्या तरी एटीएममधून निघालेही असतील. पण ज्या खात्यात ते गेले ते खातं पोलिसांच्या नजरेत येतं आणि तुमच्या वडिलांच्या खात्याला पुढचा धोका थांबतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ही गोष्ट स्पष्ट आहे. ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. चूक ना ग्राहकाची ना बँकेची, आणि ग्राहकाने ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर काहीच येत नाही. म्हणजे कसाही प्रकार असो, कळवल्याच्या तारखेला आणि वेळेला महत्त्व आहे. ती पोच जपून ठेवा.

आता तुमचे दोन प्रश्न. फोन काढून घ्यावा का? नाही. खाती ताब्यात घ्यावीत का? तेही नाही. मला काळजी ४९ हजारांपेक्षा त्या तीन आठवड्यांची वाटते. अण्णा तीन आठवडे गप्प का राहिले, याचं उत्तर मिळाल्याशिवाय फोनमधली एकही सेटिंग बदलून उपयोग नाही.

हे मी एका माणसाला दुखवून शिकले. शाखेत एक शेतकरी यायचे, सत्तरीचे. आडतीवर सोयाबीन घालून आलेले पैसे त्यांच्या खात्यात होते. 'केवायसी संपलीय' अशा फोनवर त्यांचे १८ हजार गेले. ते घाबरेघुबरे काउंटरशी आले आणि मी सगळ्यांसमोर त्यांना बोलले. ओटीपी देऊ नका म्हणून इतके बोर्ड लावलेत, तुम्हाला दिसत नाहीत का, असं. ते मान खाली घालून निघून गेले. पुढं काही दिवसांनी त्यांना दुसरा फोन आला : 'तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, आधी फाइलची फी भरा.' अकरा दिवस ते थोडे थोडे भरत राहिले आणि लाखाच्या वर गेले. मला कळलं तेव्हा सगळं संपलं होतं. मी विचारलं, काका, दुसऱ्या फोनच्या वेळी लगेच माझ्याकडं का नाही आलात? ते म्हणाले, 'मागल्या टायमाला तुम्ही लई बोलल्या होत्या, मॅडम.' त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. पहिले १८ हजार ठगांनी नेले. नंतरच्या लाखात माझ्या त्या बोलण्याचाही वाटा होता, असं मी मानते.

ज्याचे एकदा पैसे गेले त्याचा नंबर त्या टोळ्यांमध्ये पुढं विकला जातो. पैसे परत मिळवून देणारे, 'सायबर सेलमधून बोलतोय' म्हणणारे, वकील म्हणवणारे अशांचे फोन त्यानंतरच सुरू होतात. आपल्या भागात मल्टिस्टेट सहकारी संस्था आणि पतसंस्था बुडाल्या, त्यांतल्या ठेवीदारांनाही असेच फोन येतात. तुमच्या अण्णांना पुढच्या दोन-तीन महिन्यांत असा फोन येईल असं धरूनच चाला. तो आल्यावर ते तुम्हाला सांगतील की नाही, हे तुम्ही आता त्यांच्याशी कसे वागता त्यावर ठरणार आहे.

फोनवरचा ठग भीती घालतो आणि घाई करतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे. त्याचं तिसरं काम मला सगळ्यांत घातक वाटतं. तो म्हाताऱ्या माणसाला एकटं पाडतो. 'घरात कुणाला सांगू नका', 'मुलाला कळलं तर तोही अडकेल', 'हे गोपनीय आहे', 'फोन कट करू नका'. एका शब्दाने विचारणारं कुणी शेजारी असलं तरी खेळ मोडतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

निवृत्त होण्याआधीच्या वर्षी एक माजी मुख्याध्यापक सकाळी दहाला बँक उघडताच आले. मुदत ठेव मोडायची म्हणाले, नऊ लाखांची. कशासाठी विचारलं तर म्हणाले, 'मुलीचं लग्न.' त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नात मी जेवून आले होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात फोन उभा ठेवलेला होता, कॅमेरा बाहेर डोकावेल असा, आणि ते बोलताना दर वाक्याला खिशाकडं बघत होते. मी काही बोलले नाही. पैसे भरायची स्लिप पालथी केली आणि त्यावर लिहिलं, 'कुणी ऐकतंय का?' त्यांनी मान हलवली. मी लिहिलं, 'पोलीस?' पुन्हा मान हलवली. मग मीच हात पुढं करून तो फोन बंद केला. ते खुर्चीत बसले आणि लहान लेकरासारखे रडले. रात्रभर व्हिडिओ कॉल चालू होता. समोर वर्दीतला माणूस, मागं अशोकचक्र, आणि 'तुमच्या आधारवर मुंबईतून ड्रग्जचं पार्सल गेलंय' हे आठ तास चाललेलं. बायको शेजारच्या खोलीत झोपली होती आणि तिला त्यांनी उठवलं नव्हतं.

यालाच 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात. भारतीय कायद्यात असा प्रकार नाही. कुठलाही पोलीस, सीबीआय, ईडी किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि 'तपासणीसाठी' पैसे मागत नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी स्वतः हे सांगितलं होतं. २०२५ मध्ये अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याने अशा फसवणुकीबद्दल पत्र लिहिलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पुढं या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

आपल्या मराठवाड्यात या भीतीला एक जुनं मूळ आहे असं मला वाटतं. १९४८ पर्यंत इथला कारभार उर्दूत चालायचा. आज पंच्याऐंशी-नव्वदीत असलेल्यांनी फौजदार, तहसीलदार, कचेरी हे सगळं लहानपणी उर्दू-हिंदीतच ऐकलं, आणि सत्तरीतल्या पिढीने ते धाकाचं बोलणं त्यांच्याकडून ऐकलं. पुण्या-मुंबईच्या म्हाताऱ्याला दिल्लीच्या पोलिसाचा खणखणीत हिंदी आवाज परका वाटेल. आपल्याकडच्याला तोच आवाज सरकारी वाटतो आणि तो उभा राहूनच बोलायला लागतो. म्हणून अण्णांना नुसतं 'असे फोन खोटे असतात' एवढं सांगून भागत नाही. एक सरळ अधिकार त्यांच्या हाती द्या : 'खरं काम असेल तर सेलूच्या पोलीस ठाण्यातून माणूस पाठवा, मी घरीच आहे.' हे वाक्य त्यांच्याकडून दोन-चार वेळा मोठ्याने म्हणवून घ्या. शिक्षक माणूस आहेत, पाठांतराचं महत्त्व त्यांना तुम्ही सांगायची गरज नाही.

आणि लाज काढून टाका. त्यासाठी त्यांना एक खरी गोष्ट सांगा. लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल, पद्मभूषण मिळालेले, २०२४ मध्ये ८२ व्या वर्षी याच 'डिजिटल अरेस्ट'मध्ये सापडले. ठगांनी त्यांना व्हिडिओवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवली. ७ कोटी गेले. त्यांनी तक्रार केली, स्वतः पुढं येऊन सगळ्यांना सांगितलं, आणि पोलिसांनी सव्वापाच कोटी परत मिळवले. अण्णांना हे सांगताना 'बघा, तेसुद्धा फसले' असं हळूच म्हणा आणि विषय बदला. त्यांचं त्यांना पोचेल.

सेलूला जाल तेव्हा पहिल्या दिवशी फोनला हात लावू नका. आधी तुमच्या स्वतःच्या हातून कधी काय झालं ते सांगा. ऑनलाइन मागवलेली वस्तू आलीच नाही, भाड्याच्या घराचा ॲडव्हान्स बुडाला, काहीतरी असेलच. मग म्हणा, 'अण्णा, पुन्हा असा कुठलाही फोन आला तर काही करायच्या आधी मला एक मिस्ड कॉल द्या. मी मीटिंगमध्ये असलो तरी उचलतो. आणि काही करून बसलात तरी आधी मलाच सांगा, मी एक अक्षर बोलणार नाही.' हे बोललात की पाळा. पुढच्या वेळी ते खरंच काही करून बसले आणि तुम्ही चिडलात, तर परत कधीच सांगणार नाहीत. तुम्ही फोन उचलू शकत नसाल तर बहिणीचा नंबर दुसरा ठेवा, आणि तिसरा गल्लीतल्या एखाद्या विश्वासाच्या माणसाचा. संकट आलं की पुण्याच्या मुलापेक्षा समोरच्या दारातला शेजारी लवकर पोचतो.

आता पैशाची रचना. ही बाजू मला सगळ्यांत आवडीची आहे, कारण इथं खरोखर पक्का बंदोबस्त करता येतो.

आपल्या जुन्या वाड्यांत बळद असायची. वर्षाचं धान्य त्यात, आणि रोजच्या भाकरीपुरतं दुरडीत. रोज सगळी बळद उघडून कुणी बसत नव्हतं. खात्यांचंही तसंच करा. अण्णांचं पेन्शन ज्या खात्यात येतं ते बळदीचं खातं. त्यावर यूपीआय नको, डेबिट कार्ड शक्यतो नको, असलंच तर त्याचे ऑनलाइन व्यवहार बंद. कार्ड चालू-बंद करायची आणि मर्यादा ठरवायची सोय बँकांनी द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०२० मध्येच सांगितलंय, तेव्हा शाखेत 'होत नाही' हे उत्तर ऐकून परतू नका. इंटरनेट बँकिंग कधी चालू केलेलं असेल आणि ते वापरत नसतील तर लेखी अर्ज देऊन बंद करून घ्या. मग दुसरं एक छोटं खातं उघडा, शक्यतो दुसऱ्या बँकेत. मोबाइलमधलं यूपीआय फक्त त्यालाच जोडायचं. पहिल्या खात्यातून दुसऱ्यात दर आठवड्याला दोन-तीन हजार आपोआप जातील अशी स्थायी सूचना बँकेत लिहून द्या. किराणा, दवाखाना, गॅस, रिक्षा सगळं त्यातून भागतं. उद्या अण्णा अगदी पिन सांगून बसले तरी दुरडी रिकामी होईल, बळद राहील. आणि त्यांचा व्यवहार त्यांच्याच हातात राहतो. ज्या माणसाने चाळीस वर्षं घर चालवलं त्याला भाजीला पैसे मागायला लावणं, हे मी पाहिलंय आणि ते फार वाईट दिसतं.

मुदत ठेवींचं विसरू नका. अनेक मोठ्या फसवणुकींत पैसा बचत खात्यातला नसतो, तो मोडलेल्या ठेवींचा असतो. मोबाइल ॲपवरून पाच मिनिटांत ठेव मोडता येते. म्हणून ठेवींच्या पावत्या शाखेतून घ्या आणि त्या ऑनलाइन मोडता येणार नाहीत असं करता येतं का ते मॅनेजरना विचारा. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना हाही चांगला मार्ग आहे. त्यात ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, आणि पोस्टाचं इंटरनेट बँकिंग चालू केलेलं नसेल तर पैसे काढायला माणसाला खिडकीशीच जावं लागतं. त्या चालण्यात डोकं शांत होतं. वाटेत कुणी तरी भेटतं आणि 'काय अण्णा, कुठं निघाला?' असं विचारतं.

पेन्शनच्या खात्यात आईचं नाव जोडलेलं नसेल तर जोडून घ्या, 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला' या पद्धतीने. व्यवहाराचे मेसेज दुसऱ्या मोबाइलवर किंवा तुमच्या ईमेलवर येतील का ते बँकेनुसार वेगळं असतं, पण विचारा. ही गोष्ट अण्णांना सांगून, त्यांच्या सहीने करा. त्यांच्या मागं केलेली पाळत कळली की ते दुसरं खातं उघडतील, आणि त्याचा तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

आईला यूपीआय वापरायचं असेल आणि तिच्या नावावर खातं जोडायची भीती वाटत असेल, तर २०२४ पासून 'यूपीआय सर्कल' नावाची सोय आहे. तुमच्या खात्यातून ती पैसे देते. प्रत्येक वेळी तुमची मंजुरी लागेल असं ठेवता येतं किंवा महिन्याची मर्यादा घालून देता येते, ती जास्तीत जास्त १५ हजार. यूपीआयबद्दल दोघांना एकच गोष्ट पाठ करायला लावा : पैसे घ्यायला पिन कधीही लागत नाही. 'स्कॅन करा, पैसे येतील' म्हणणारा खोटा.

हयातीच्या दाखल्याबद्दल अण्णांना नीट समजावून सांगा, कारण दर नोव्हेंबरात हेच येणार. दाखला फोनवर बोलून देता येत नाही. बँकेत जाऊन हयातीच्या यादीवर सही करायची, नाही तर 'जीवन प्रमाण' या सरकारी डिजिटल दाखल्यासाठी बोट, डोळा किंवा चेहरा दाखवायचा. ऑक्टोबरच्या शेवटीच कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात काम उरकून टाका. काम झालेलं असलं की त्या फोनमधला दमच निघून जातो.

फोनच्या सेटिंगला मी दुसऱ्या दिवशी अर्धा तास देईन. व्हॉट्सॲपवर अनोळखी कॉल गप्प करायची सोय चालू करा, ग्रुपमध्ये फक्त ओळखीच्या लोकांनाच जोडता येईल असं ठेवा, दुहेरी पडताळणीचा पिन घाला, आणि फाइल आपोआप डाउनलोड होणं बंद करा. अँड्रॉइडमध्ये अनोळखी ठिकाणांहून ॲप बसवायची परवानगी व्हॉट्सॲप आणि ब्राउझर दोघांनाही बंद करा. ही एक गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा मोलाची आहे. आपल्या भागात आता फसवणूक एपीके फाइलने, म्हणजे फोनवर ॲप बसवणाऱ्या फाइलने होते. कधी ती लग्नपत्रिका असते, कधी आरटीओचं चलन, कधी पीएम किसानची यादी, कधी वीजबिल. पत्रिकेच्या चित्रावर बोट ठेवून 'इंस्टॉल'ला होकार दिला की ॲप बसतं आणि येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर दुसरीकडं जातो, सांगायचीही गरज उरत नाही. मे महिन्यात लग्नसराईत आईला पंधरा पत्रिका येतात. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ती उघडायला काही 'इंस्टॉल' करावं लागत नाही, एवढं तिला एकदा करून दाखवा. चुकून बसलंच तर आधी फोन फ्लाइट मोडवर टाकायचा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवायचं. फोन साफ करणं नंतर.

दूरसंचार विभागाचं 'संचार साथी' उघडून अण्णांच्या नावावर किती सिम आहेत तेही बघून घ्या. मोफत वाटलेल्या सिमसाठी दिलेला अंगठा कुठं कुठं गेला असेल सांगता येत नाही.

बँकेचा फोन ओळखण्याबद्दल लोक विचारतात. व्यवहाराचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करावेत असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलं. चांगली गोष्ट आहे, पण मी म्हाताऱ्यांना आकडे ओळखायला लावत नाही. फोन ठेवा आणि पासबुकावरच्या शाखेच्या नंबरला स्वतः लावा, किंवा सरळ चालत जा.

अंगठ्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तुमच्या आईवडिलांना नसला तरी त्यांच्या गल्लीतल्या अनेक बायांना याचाच फटका बसतो. श्रावणबाळ किंवा निराधारचे पैसे काढायला म्हातारी बाई सेवा केंद्रावर जाते. मशीनवर अंगठा लावते, माणूस म्हणतो, 'लागला नाही, परत लावा.' दोन वेळा पैसे निघतात, हातात एकदाच मिळतात. त्यावर इलाज दोन. पैसे काढायला गेलं की दर वेळी पावती मागायची आणि त्याच आठवड्यात पासबुक भरून आणायचं. आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करायचं, आधारच्या अधिकृत ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून. मात्र लॉक केलं की रेशन दुकानातही अंगठा चालत नाही, तेव्हा रेशनच्या दिवशी ते थोडा वेळ उघडून द्यायला घरात कुणीतरी हवं. असं कुणी नसेल तर मी लॉकचा आग्रह धरत नाही, म्हातारीचं धान्य बुडायला नको.

आवाजाची नक्कल करून 'आजोबा, मी बोलतोय, माझा अपघात झालाय' असे फोनही येऊ लागलेत. यासाठी घरातला एक परवलीचा शब्द ठरवा. पासवर्डसारखं काही अवघड नको, विसरतात. आपल्याकडं प्रत्येक रानाला नाव असतं : वडाचं वावर, पांढरीचं रान, माळाचा तुकडा. घरात बोलायची ही नावं कुठल्याही फेसबुकवर नसतात. फोन आला की अण्णांनी विचारायचं, 'खालच्या तुकड्याला आपण काय म्हणतो?' खरा नातू असेल तर सांगेल. तुमच्या मुलांना ती नावं माहीत नसतील तर या दिवाळीला शेतावर नेऊन शिकवा, त्याने दुसरंही बरंच होईल.

आणखी एक धोका, ज्याबद्दल मुलं सहसा विचारत नाहीत. गावातलं एखादं ओळखीचं पोरगं येतं : 'आजोबा, माझं खातं बंद झालंय, तुमच्या खात्यावर थोडे पैसे मागवतो, काढून द्या.' आजोबा भला माणूस, देतो काढून. ते पैसे कुणाच्या तरी फसवणुकीतले असतात. पंधरा दिवसांनी दुसऱ्याच राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून आजोबांचं खातं गोठवलं जातं, पेन्शनसकट. ते मोकळं करायला महिने जातात. आपल्या खात्यावर दुसऱ्याचा पैसा घ्यायचा नाही, सख्ख्या पुतण्याचाही नाही, हे अण्णांना निक्षून सांगा.

१९३० बद्दल थोडं. २०२१ मध्ये ही सेवा १५५२६० या क्रमांकाने सुरू झाली होती, नंतर तो १९३० झाला. घरात जुना कागद चिकटवलेला असेल तर बदला. फोन लावताना हाताशी ठेवायचं ते एवढंच : बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि मेसेजमधला व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, यूपीआयचा असेल तर तो बारा आकडी असतो. तक्रार नोंदली की ती थेट त्या बँकेकडं जाते आणि पैसा अजून समोरच्या खात्यात पडून असेल तर अडकवला जातो. म्हणून पहिल्या तासाला जी किंमत आहे ती दुसऱ्या दिवशी राहत नाही. अडकलेला पैसा परत मिळवायला कधी कधी न्यायालयाचा आदेश लागतो. ते काम वेळखाऊ आहे पण होतं, मी करून दिलंय. कुणी 'एजंट' त्यासाठी टक्केवारी मागत असेल तर त्याला दारातूनच वाटेला लावा. बँकेने तक्रारीचं उत्तर ३० दिवसांत दिलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं अर्ज करता येतो, त्याला फी नाही.

हे सगळं एका मोठ्या कागदावर लिहून टीव्हीशेजारी लावा : १९३०, तुमचा नंबर, बहिणीचा नंबर, शाखेचा नंबर. अक्षर अण्णांचंच असू द्या. त्यांना जाड मार्कर द्या आणि त्यांनाच लिहायला सांगा.

निघायच्या आदल्या दिवशी दोघं मिळून बँकेत जा आणि पासबुक भरून आणा. घरी आल्यावर ओसरीत बसून मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी अण्णांना वाचायला सांगा, तुम्ही ऐका. दोनशे-पाचशेच्या अनोळखी वजावटी दिसल्या तर खूण करा. त्यातल्या काही विम्याच्या असतील, काही न विचारता चालू झालेल्या ऑटोपेच्या. त्या बंद करायचा अर्ज सोमवारी अण्णाच देतील. एखाद्या नोंदीपाशी ते थबकले आणि गप्प झाले, तर विचारू नका. पान उलटू नका, तसंच बसून राहा. तीन आठवडे जे आत ठेवलं होतं त्यातलं काही अजून शिल्लक असेल, तर ते तिथं बाहेर येईल.